धरकाकांनी सीट उशिरा सोडली

आमच्या काकांना सगळी गल्ली धरकाका म्हणायची. खरं नाव पोस्टमनला ठाऊक, बाकी कुणाला नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं एवढंच. पंक्चर, चेन, ब्रेक, चाकाचा आऊट काढणं म्हणजे वाकडं चाक सरळ करणं, हे पोटासाठी. आणि संध्याकाळी दुकानासमोरच्या उतारावर पोरांना सायकल शिकवायचे, ते फुकट. मागून सीट धरून पळायचे. पोरगं ओरडायचं, "काका, धरा हं, सोडू नका!" काका म्हणायचे, "धरलंय रे, धरलंय!" आणि सोडलेलं असायचं केव्हाच, वीस पावलं मागं उभे राहून ओरडत असायचे. अर्धं गाव असं फसून सायकल शिकलं.

माणूस एका जागी टिकायचा नाही. जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे. गिऱ्हाईक नसलं तर दुकानातली खिळ्यांची बरणी ओतायचे आणि परत भरायचे. काकू म्हणायची, "यांच्या बुडाखाली कुणी स्टोव्ह पेटवून ठेवलाय."

साठी उलटली आणि उजवा हात थरथरायला लागला. गंमत अशी की रिकामा असला की थरथरायचा, काही धरलं की एकदम शांत. मग काय, हातात कायम काहीतरी. पाना, चमचा, दाराची कडी, नाहीतर काकूचं मनगट. डॉक्टरांनी सांगितलं नसांचा आजार आहे, वाढत जाणार. धरताना त्रास नाही व्हायचा, म्हणाले, पण पुढं पुढं बोटं ऐकायला वेळ लावतील, धरलेलं सुटायला उशीर होईल. काका धरताना त्रास नाही एवढंच ऐकून घरी आले.

आणि त्याच वर्षी सायकलची जागतिक स्पर्धा आमच्या गावात आली. पुरुषांची, घड्याळाविरुद्धची. म्हणजे सगळे एकदम सुटत नाहीत. लाकडी उतरण बांधतात, तिच्यावर एकेकानं सायकल घेऊन चढायचं, दोन्ही पाय पेडलला अडकवून बसायचं. पाय जमिनीला नाही म्हणजे पडणारच की, म्हणून मागं एक माणूस सीट धरून उभा असतो. पंच पाच, चार, तीन मोजतो, शून्य झालं की मागच्यानं सोडायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. घड्याळ शून्याला सुरू होतं, तुम्ही निघा नाहीतर बसून राहा.

असा हाताचा पक्का माणूस पाहिजे म्हणून सायकल क्लबचे सेक्रेटरी सरळ काकांच्या दुकानात आले. काका हो म्हणाले, म्हणजे सेक्रेटरींचं वाक्य संपायच्या आत म्हणाले.

काकूनं रात्रीच्या जेवणाला विचारलं, "डॉक्टरांचं सांगितलंत का त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"मग मी न विचारता मला सतरा गोष्टी सांगता त्या?"

"तू बायको आहेस. ते सेक्रेटरी आहेत."

हे सगळं लांब्यासाठी होतं, सांगतो. लांब्या म्हणजे बेकरीवाल्याचा थोरला. सातव्या वर्षी काकांच्या हाताखाली सायकल शिकला, आता अठ्ठावीसचा, देशाकडून उतरणार होता. पहिल्या पाचात येईल असं पेपरवाले म्हणत होते. काकांना त्याची सीट एकदा धरायची होती, सगळं जग बघत असताना. दुसरं काही नको होतं त्यांना.

त्या दिवशी पहाटेपासून घरात येरझाऱ्या. बूट तीनदा घातले, तीनदा काढले. काकू म्हणाली, "शर्यत त्यांची आहे, तुमची नाही. बसा." बसले, परत उठले.

बावन्न जण होते, दीड दीड मिनिटानं एक. सायकल आली की काका सीटखाली हात घालायचे, हात दगडासारखा. शून्य, सोडलं, गेला. मग मधल्या त्या मिनिटभरात हात रिकामा. तिथं वर हातात काही ठेवायचं नाही असा नियम, पाना खिशात होता पण काढायचा कसा. काकांनी कठडा धरला. पंचबाई म्हणाल्या, "कठड्याला टेकू नका." मग पँटची शिवण धरली. पंधरावा गेला, विसावा गेला, तिसावा गेला, शिवण उसवली. पंचबाईंनी बघितलं.

"हात का हलतोय तुमचा?"

"गारठा आहे बाई."

उन्हात उभे होते दोघं. पुढच्या तीन सायकलींना बाईंनी सीटकडेच डोळे लावले. सीट जागची हलली नाही. मग त्यांनी बघणं सोडलं. काका नंतर सांगायचे, तिथंच मी गप उतरायला पाहिजे होतं. तेव्हाच बोटं जड व्हायला लागली होती. चाळिसावा सोडताना त्यांना कळलं होतं, बोटांना दोनदा सांगावं लागलं. पण पंचेचाळिसावा लांब्या होता.

लांब्या वर आला. काळा चष्मा, डोक्याला ते टोकदार हेल्मेट, चेहरा दिसेना. पाय अडकवले, वजन काकांच्या हातावर आलं. मान न वळवता म्हणाला, "काका, धरलंय ना?"

काका म्हणाले, "धरलंय रे."

पाच. चार. तीन. दोन. एक.

आणि बोटं उघडेनात. काका सांगायचे, मी सोडलं होतं, डोक्यात सोडलं होतं, हात माझा नव्हताच तो. लांब्यानं पेडल दाबलं, सायकल ताणली गेली, आणि मग सुटली. किती वेळ? कुणाला कळलं नाही. टीव्हीवाला म्हणाला, घरच्या लोकांसमोर जरा बावरला वाटतं. पंचबाईंच्या लक्षात आलं की नाही देव जाणे, त्या पुढच्याचा नंबर बघत होत्या. उरलेले सात काकांनी डाव्या हातानं धरले.

लांब्या चौथा आला. तिसरा नंबर आठ दशांश सेकंदानं हुकला.

गावानं त्याला खांद्यावर घेतलं, चौथा म्हणजे काय कमी आहे का. काका गर्दीतून मागच्या मागं घरी आले. त्या दिवसापासून माणूस बसलाच नाही. उभ्यानं जेवायचे. दुकानात एकाच चाकाचा आऊट काढत बसायचे, म्हणजे उभेच, चाक सरळ झालं तरी परत सैल करायचे, परत आवळायचे. टीव्हीवर ती सुटण्याची जागा दाखवली की पुढं वाकून मोजायचे. भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याबरोबर मूठ उघडायचे, मिटायचे. काकूला सगळं तिसऱ्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "झालं ते झालं. कुणाला कळलं नाही, आता तुम्ही दवंडी पिटू नका."

"त्याला वाटतंय त्याचे पाय कमी पडले."

"मग वाटू दे. पुढच्या वेळी जोरात पेडल मारील."

"हो ना. माझ्या बोटांपायी तो पोरगा वर्षभर पाय मोडून घेईल."

काकूनं चहाचं आधण चढवलं. म्हणजे पटलं होतं.

नवव्या दिवशी काका बेकरीत गेले. लांब्या फळीवर पाव मांडत होता, शर्यत झाली म्हणून घरचं काम चुकत नाही. दुकानात दोन बायका होत्या गिऱ्हाईक, त्यांच्यासमोरच काका म्हणाले, "मी उशिरा सोडलं तुला. एक सेकंद धरला असंल, जास्तीच. तुझा तिसरा नंबर माझ्या हातात राहिला. आजार आहे मला, मी लपवला."

आणि हात पुढं केला. तो थरथरत होता, सगळ्यांनी बघितला.

लांब्यानं पाव खाली ठेवला. मग म्हणाला, "मला कळलं होतं काका. सीट मागं ओढल्यासारखी झाली."

"मग बोलला का नाहीस?"

"तक्रार केली असती तर तुमचं नाव लिहावं लागलं असतं." मग त्याचा आवाज चढला. "राग आला मला. खोटं कशाला बोलू, आठ दिवस आला. पहिल्या रात्री तर तुमच्या दुकानाच्या काचा फोडाव्यात असं वाटलं."

"फोड."

"काच आहे कुठं तुमच्या दुकानाला? पत्रा आहे."

एक बाई हसली. काका हसले नाहीत. उभेच राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर. लांब्याच्या आईनं स्टूल पुढं सरकवलं, काकांनी त्याच्याकडं बघितलं पण नाही.

मग लांब्या म्हणाला, "रविवारी येतो. तुम्हाला सोडायला शिकवतो."

"चेष्टा करतोस?"

"तुम्ही मला फसवून शिकवलंत. मी खरं सांगून शिकवतो."

आणि आला की हो. दर रविवारी सकाळी सराव आटोपून दुकानासमोर सायकल उभी करायचा, दोन्ही पाय वर, काकांच्या हातात सीट, स्वतः पाच चार तीन मोजायचा, मनगटावरचं घड्याळ दाबायचा. "पाऊण सेकंद काका." "आज पुरता सव्वा, रात्री झोपला नाहीत काय?" "अर्धा! म्हातारपणी प्रगती!" गल्लीतली माणसं चहा घेऊन बघायला उभी राहायची. आजार कसला बरा होतोय, हात महिन्यागणिक बिघडतच गेला. पण त्या वेळेपुरते काका एका जागी उभे राहायचे. काकू खिडकीतून बघायची, म्हणायची, चाळीस वर्षांत मला जमलं नाही ते याला जमलं.

काका गेले त्याला आता दोन महिने झाले. दुपारी जेवून पडले आणि उठलेच नाहीत. आम्हाला तेच पटेना, हा माणूस आणि पडून राहिला.

त्याच्या आधीच्या रविवारी लांब्या आला होता. चढला, पाय अडकवले. काकांनी सीट धरली. पाच, चार, तीन, आणि दोन म्हणायच्या आत काकांची बोटं उघडली. आपोआप उघडली की मुद्दाम, ते काही सांगितलं नाही त्यांनी. लांब्या सायकलीसकट आडवा झाला, सरळ जुन्या टायरांच्या ढिगात, पाय अजून पेडलला अडकलेले, उलट्या झुरळासारखा. काका पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

आतून काकू ओरडली, "अहो, काय पडलं?"

"काही नाही गं," काका म्हणाले, "लांब्याला अजून सायकल येत नाही!"