बिनदारूची करवंदी

लोणावळ्याजवळच्या औंढ्यातल्या आमच्या घरात आजवर एकदाच दारू तयार झाली, आणि तीही दारू टाळण्याच्या प्रयत्नात.

माझी लेक सोनाली एस्टोनियात नोकरीला आहे. (तो देश कुठे आहे, हे मीही नकाशात शोधूनच पाहिलं.) उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली ती एक लालचुटूक बाटली घेऊन. तिथल्या मारिका नावाच्या मैत्रिणीच्या आजीनं घरी केलेलं लिकर! तिकडे म्हणे घरोघरी ते करतात. रानातली आंबट फळं वेचायची, साखर आणि मद्यार्क घालून बरणी खिडकीत उन्हाला ठेवायची, आणि पाहुणा आला की बोटभर पेल्यातून प्रेमानं द्यायचं. सोव्हिएत राजवटीत दुकानांत काही मिळत नव्हतं, त्या काळातही या आजीनं बरणी रिकामी पडू दिली नव्हती.

आईनं बाटली कपाळाला लावली. "औशद हाय का?"

"दारू आहे आजी, गोड."

आईनं बाटली पटकन खाली ठेवली. कळत्या वयापासून तिनं पंचशीलातलं पाचवं शील पाळलंय. दारूचा थेंब नाही! खोकल्याच्या औषधाचं लेबलसुद्धा ती आधी माझ्याकडून वाचून घेते. बाटली सीलबंदच कपाटात गेली.

पण थोड्या दिवसांनी मारिका स्वतः येणार होती.

"त्या म्हातारीनं येवढ्या लांबनं हातची वस्तू धाडली," आई म्हणाली, "आन आपुन तिच्या नातीला नुस्ता च्या पाजायचा व्हय?"

झालं, मी पेटलो! "आई, रीत त्यांचीच, करवंदं आपली. फक्त मद्यार्क वगळायचा!"

"थेंबभर बी न्हाई ना?"

"माझा शब्द!"

"अहो, सरळ उकळून सरबत करा की," बायको म्हणाली.

"त्यांच्या परंपरेपुढे सरबत?" मी गरजलो. (मी लोणावळ्याच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. एवढं लक्षात असू द्या.)

डोंगरावरून करवंदं आणली. चिकानं बोटं बोटांना चिकटली, तरी हटलो नाही. करवंदं ठेचली, साखर घातली, बरणी घट्ट लावून खिडकीत ठेवली. थोड्याच दिवसांत बरणीतून बुडबुडे येऊ लागले.

"आरं आरुण, ह्ये चुलीबिगर उकळतंय!"

"मुरतंय, आई."

मग झाकण वर यायला लागलं. मी फडकं बांधलं. फडकं फुगलं. मी वर वरवंटा ठेवला!

"अहो, वास येतोय," बायको म्हणाली.

"परंपरेला वास असतोच!"

मारिका आली. आईनं पांढरंशुभ्र लुगडं नेसून स्टीलच्या छोट्या पेल्यांतून आपल्या हातानं करवंदी वाढली. मारिकानं पेला उंचावला आणि म्हणाली, "तेर्विसेक्स!"

मी घाबरून आईकडे पाहिलं.

"तब्येत चांगली राहो, असा अर्थ आहे," सोनालीनं घाईनं सांगितलं.

"लय ग्वाड पोर हाय," म्हणत आईनं पेला रिकामा केला. मग दुसरा. मग, पाहुणीला एकटं वाटू नये म्हणून, तिसरा! एरवी मोजकं बोलणारी आमची आई मारिकाचा हात धरून माझ्या वडिलांच्या गमती सांगू लागली. मारिकाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. मी कृतकृत्य झालो होतो.

तेवढ्यात मारिकानं सोनालीला काहीतरी विचारलं. सोनालीचा चेहरा पडला. तिनं पेल्याचा वास घेतला.

"पप्पा, ती विचारतेय, यात दारू कुठली घातली?"

"दारू? घातलीच नाही! मी तीच तर वगळली!"

"पप्पा! फळांचा रस, साखर, बंद बरणी, ऊन. मद्यार्क असता तर हे आंबलंच नसतं! किण्वनाचा धडा आठवीला कोण शिकवतं?"

मी शिकवतो. दरवर्षी. फळ्यावर आकृती काढून!

आईचं हसू थांबलं. "आरुण, म्या दारू प्याले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांचं तिचं व्रत मी माझ्या हातानं मोडलं होतं, तेही शब्द देऊन.

आई उठली. जरा डुलली, पण उठली. "चला इहारात. समदी."

विहारातल्या बौद्धाचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. (त्यांचे ओठ हलत होते, पण ते हसले नाहीत. मोठा माणूस!) "आई, अजाणता झालंय. मन वाईट करून घेऊ नका. शील पुन्हा घ्या."

"घेते की. पर आदी ह्याला द्या."

आम्ही सगळे हात जोडून बसलो, मारिकासुद्धा. चार शीलं नीट पार पडली. पाचवं आलं आणि माझ्या बरगडीत आईचं कोपर बसलं.

"मोट्यानं म्हन मास्तर, घरात तुजी बरनी बसलीया, तिला बी ऐकू जाऊंदे!"