मोलमजुरी की मैलकुली

मंडळी, आज वाचनालयाच्या या फळ्यावर बातमी नाही, माझी चूक लिहितो आहे.

सकाळी धोंडिबा सभासद व्हायला आले. पौडच्या सडकेचा एक मैल राखायला नेमलेले ते मैलकुली. नोंदवहीच्या 'व्यवसाय' रकान्यात मी न विचारताच 'मोलमजुरी' लिहिलं.

त्यांनी त्यावर बोट ठेवून सावकाश वाचलं. म्हणाले, "अण्णा, ह्ये न्हाई. मैलकुली लिवा."

"सरकारनं ठरवलेला कमीत कमी रोजच मिळतो ना तुम्हाला?"

"व्हय. पन बारा वर्सं त्योच मैल संबाळतुया. सडकंखालच्या कुटल्या मोरीत पानी तुंबतंय, डोळं झाकून सांगंन."

"वाचायला कुठं शिकलात?"

"मैलाच्या दगडावर. दर साली अक्षरं मीच रंगवतुया."

चौथीनंतरचं सगळं मी स्वतः शिकलो, हे गावाला कितीदा ऐकवलंय मी. आणि त्याच वहीत पहिल्या पानावर माझ्या नावापुढे व्यवसाय 'ग्रंथपाल' आहे. पोट भरतो ते दुकानात रोजावर धान्य मापून.

या वहीत आजवर एकही खाडाखोड नव्हती. आज एक केली. दुसरी पहिल्या पानावर करू का, तुम्हीच सांगा.