लख्ख केलेलं शेत

झरी गावाच्या अलीकडं आमचं शेत. निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय ही. माझ्या लग्नाला वर्षही सरलं नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. आम्ही लिंगायत; त्यांच्या गळ्यात शिवलिंग ठेवलेली चांदीची डबी असायची, झोपेतही ती निघायची न्हाई. त्यांचा भाऊ राणीसावरगावला लय आजारी पडला, म्हणून मालक त्यांना बैलगाडीनं घेऊन गेले अन घर, शेत, गाय सगळं माझ्या गळ्यात टाकून गेले. मी मनातून खुशच होते. म्हणलं, आता दाखवते ह्यांना, सून काय चीज हाय!

ते गेल्यावर चौथ्या दिवशी भर दुपारी गारा पडल्या, सुपारीएवढ्या. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली. अंगणात खणलेल्या पेवात पाणी शिरलं अन पेरणीसाठी ठेवलेलं बी पार कुजलं. आता पेरायचं काय, हा घोर लागला. तेवढ्यात गावात दवंडी फिरली. ज्याचं पीक गेलं त्याला सरकार पेरणीचं बी देणार, अन त्यासाठी पटवाऱ्याच्या वरचे गिरदावरसाहेब जातीनं शेतं बघायला येणार.

माझ्या माहेरी नुसता पटवारी येणार म्हणलं तरी बाप धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत कापायला लावायचा. साहेबाला रान घाण दिसलं तर घराची अब्रू गेली, अशी आमची शिकवण. मग मी काय करावं? आमचं रान लहानच. चार दिवस एकटी राबले. आडवी ज्वारी कापली, पेंढ्या बांधून धुऱ्याला ओळीनं उभ्या केल्या, काळी पडलेली कणसं नेऊन उकिरड्यात पुरली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण शेत लख्ख दिसायलं. शेजाऱ्यानं त्याच्या शेताला हातही लावला नव्हता. आळशी मेला, म्हणलं मनात.

गिरदावर घोड्यावरून आले, संगं पटवारी. माणूस सभ्य होता. शेजाऱ्याचं रान बघून त्यांनी मान हलवली, पटवाऱ्यानं लिहून घेतलं. मग माझ्या शेतात आले, पेंढ्यांकडं बघितलं अन म्हणाले, इथली फसल काढून झाली, इथं नुकसान न्हाई.  मी उकिरड्याकडं धावले, दोन्ही हातानं उकरून कुजकी कणसं काढली अन त्यांच्यापुढं धरली. साहेब थांबले, खरंच थांबले. पण पटवारी म्हणाला, "बाई, पंचनामा उभ्या पिकाचा असतो. उकिरड्याचा कसा लिहू?"

अन गेले. रान पडीक राहणार होतं, ते माझ्या हुशारीमुळं. आत्याबाई येईपर्यंत मला घास गोड लागला न्हाई.

त्या आल्यावर रडत रडत सगळं सांगितलं. मालक भडकले, कुणी सांगितला होता हा शहाणपणा म्हणून. आत्याबाईंनी हातानंच त्यांना गप केलं अन शेतावर निघाल्या. मी मागं मागं. धुऱ्यानं एक चक्कर मारली, एका पेंढीची गाठ चाचपून बघितली.

"गाठ चांगली बांधलीस गं पोरी," म्हणाल्या. "मी असते तर म्या बी हेच केलं असतं."

पुढच्या बाजारी त्या मालकांसंगं जिंतूरला गेल्या अन बी घेऊन आल्या. कशावर आणलं, हे विचारायची माझी टाप नव्हती. दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्या तवा दिसलं. चांदीची डबी नव्हती. लुगड्याचं फडकं फाडून त्यात लिंग बांधून त्यांनी गळ्यात घातलं होतं. 

पुढं बरे दिवस आले. डबी घडवून घ्या म्हणून मी लय मागं लागले, त्या हसून दुसरंच बोलायच्या. त्या गेल्या तवा आमच्या रिवाजाप्रमाणं लिंग त्यांच्यासंगंच मातीत द्यायचं होतं. फडक्याची गाठ सैल झाली होती. ती मीच पुन्हा आवळून बांधली.