पोपटी तुकड्यावरची रेघ

"रेघ दिसते का, ताई?" पुठ्ठा बाजूला करून कापड माझ्या नाकासमोर धरत मामा विचारायचे. रोज सकाळी, मी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत.

कापड रंगवायच्या कारखान्यात मी लॅबची वही सांभाळते. मामा तिथले रंग बनवणारे, सगळ्या कारखान्याचेच मामा. पॉलिस्टरसाठी ऊन अडवणारा रंग शोधायचा, हे त्यांचं वेड. नव्या रंगाचा तुकडा गच्चीवर फळीला टाचून ते अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकायचे. झाकलेल्या आणि उघड्या भागात रेघ दिसली की समजायचं, रंग उडाला. रंगाबरोबर ऊन अडवायची ताकदही गेली. लॅबमध्ये तपासणीचं महागडं मशीन होतं. "त्याला सोलापूरचं ऊन कुटं म्हाईत हाय?" मामा म्हणायचे. डबाही ते त्या तुकड्यांशेजारीच बसून एकटे खायचे. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता, मीही हसायचे.

काळा आणि निळा केव्हाच टिकले होते. मालक खूश होते. मामा मात्र पोपटीवर अडून बसलेले. का, ते मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. मामींना उन्हाचा आजार होता. दहा मिनिटं उन्हात गेल्या की अंगभर चट्टे उठायचे, ताप भरायचा. कित्येक वर्षं त्या जाड पडद्यांमागे होत्या. मूलबाळ नाही. एकच इच्छा होती, भर दुपारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून भेळ खायची.

"मग काळी साडी नेसा की," मी म्हटलं.

"काळं गुंडाळून जायचं, तर घरात काय वाईट हाय? मला पोपटीच पायजे," मामी म्हणाल्या. मामा खाली बघून हसले.

पोपटीवर दर वेळी रेघ यायची. मामा नवा तुकडा लावायचे.

उन्हाळ्यात मामी गेल्या. मामा पुन्हा कामावर आलेच नाहीत. त्यांच्याशिवाय गच्चीवर जायचा मला धीर होईना.

परवा पाण्याची टाकी बघायला जावंच लागलं. त्यांचा शेवटचा पोपटी तुकडा फळीवर तसाच होता. पुठ्ठा काढला. कापड उन्हात धरून, तिरपं करून पाहिलं. रेघ नव्हती. तिथूनच फोन लावला.

"मामा, रेघ नाही! पोपटी टिकला!"

बोलून गेले आणि मग मामी आठवल्या. मला माझ्याच आनंदाची लाज वाटली.

"पुठ्ठा परत लाव, ताई," मामा म्हणाले.

मी लावला. वहीत त्या तुकड्यापुढची निकालाची जागा अजून कोरी आहे.