जानव्याची किल्ली

साठ सालच्या आसपासची गोष्ट. वडील अकोल्यात वकिली करत. अशिलांचे कागद ते लोखंडी कपाटात ठेवत आणि किल्ली जानव्याला बांधत. ते गेले त्या दिवशी हे कोणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाळापूरकडचा एक अशील आला. त्याच्या शेताच्या दाव्याची तारीख जवळ आली होती आणि मूळ खरेदीखत आमच्या कपाटात होतं.

"बाई, कपाट फोडा, पण माया कागद द्या," तो आईला म्हणाला.

"तेरावं होईपर्यंत त्यांच्या वस्तूवर घण घालू देणार नाही," आई म्हणाली. तो ओट्यावर बसून राहिला.

मी घरभर किल्ली शोधत होतो. एकदम काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, ती जानव्याला होती. दादाबरोबरच गेली!"

तिसऱ्या दिवशी मोर्णेच्या काठी अस्थी गोळा करताना ती राखेत हाताला लागली. काळी पडली होती, पण वाकली नव्हती.

"स्मशानातली वस्तू घरी नेत नाहीत," भटजी म्हणाले.

"दादाची नेत नाही. अशिलाची नेतो," काका म्हणाले.

घरी येऊन मी ती घासलेटाने पुसली आणि कुलपात घातली. थोडी अडली, मग फिरली. खरेदीखत वरच्याच कप्प्यात होतं. अशिलाने ते कपाळाला लावलं.

"वकीलसायेबानं मेल्यावरबी माई तारीख चुकू देली नाई," तो म्हणाला.

सुतकाच्या घरात आम्ही सगळे हसलो, आणि आईने कोणालाही गप्प केलं नाही.