अंगठ्याला न लागलेली हवा

बालाघाटला बस स्टँडच्या मागे आमचे गॅरेज होते, तेव्हाचा हा अनुभव आहे. साठचे दशक संपत आले होते, मी सव्वीस वर्षांचा होतो... आणि देवाजी मिस्त्री माझे उस्ताद होते. मी त्यांना भाऊ म्हणत असे.

त्या सकाळी लालबर्रा येथील एका राइस मिलमालकाची मोटार काही केल्या सुरू होत नव्हती. आदल्या दिवशी भाऊंनी तिची टायमिंग चेन बदलली होती. आज तुमच्या गाडीत जिथे बेल्ट असतो, तिथे तेव्हा साखळी असे. सेल्फ मारला की इंजिन फिरे, कार्बोरेटरमधून फटकन आवाज येई आणि पुन्हा सारे शांत... शेठजी ओट्यावर बसून घड्याळ पाहत होते.

मी पेट्रोल तपासले, ते येत होते. प्लगला ठिणगी होती. साखळीच्या खुणाही बरोबर जुळलेल्या होत्या... शेवटी मी प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर पाहिला.

इंजिनाचा पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबण्यासाठी आणि एकदा धूर बाहेर टाकण्यासाठी. ठिणगी पडावी लागते ती दाबाच्या वेळी. ती वेळ ओळखण्याची आमची रीत अशी होती की एकाने पहिल्या प्लगच्या छिद्रावर अंगठा धरायचा आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचे. हवेने अंगठा ढकलला की डिस्ट्रिब्यूटर बसवायचा. भाऊंनी तो नेमका धुराच्या वेळी बसवला होता.

अशी चूक नवशिका करतो. भाऊंच्या हातून ती मी कधी पाहिली नव्हती...

कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, असे मी शेठजींना सांगितले. मग त्यांच्याकडे पाठ करून डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा फिरवून बसवला. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

पाच-दहा मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवले. भाऊ आवाज ऐकण्यासाठी वाकले आणि त्यांचा उजवा अंगठा सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर टेकला. कातडी जळाल्याचा वास आला... मी त्यांचा हात ओढून बाजूला केला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काहून? गरम हाय काय?"

मी फक्त "हौ" म्हणालो. त्यांच्या मनगटाजवळचा फिकट चट्टा मी अनेकदा पाहिला होता, त्याचा अर्थ त्या क्षणी कळला. हट्ट्याकडील आमच्या गावात असाच चट्टा आलेल्या एकाला महारोग, म्हणजे कुष्ठरोग झाला होता. त्याला पुढे गावाबाहेर झोपडीत राहावे लागले होते.

मी कोणालाही काही सांगितले नाही. भाऊंनाही नाही... उस्तादाला असे तोंडावर सांगणे मला त्यांचा अपमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक इंजिनाला अंगठा मी लावू लागलो आणि हँडल त्यांच्या हाती दिले.

मला शिंगे फुटली, असे गॅरेजमध्ये बोलले जाऊ लागले. एकदा चहा पिताना भाऊही हसत म्हणाले, "आता तू उस्ताद, अन् मी तुया हँडलवाला." मी ऐकून घेतले. आपण त्यांची अब्रू राखतो आहोत, याचा मला अभिमान होता.

असे दहा महिने गेले. त्यांची दोन बोटे वाकली, पाना हातात धरवेना, तेव्हा ते स्वतःच सरकारी दवाखान्यात गेले. गोळ्यांनी रोग बरा होईल, पण बोटे सरळ होणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. बधिरपणा सुरू झाला तेव्हाच ते आले असते, तर हात वाचला असता...

भाऊ पुन्हा कामावर आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या दिवसाचे सर्व सांगितले... गाडीचे आणि अंगठ्याचेही.

"मले वाटे, तुले माज आला," ते म्हणाले. "सांगितलं असतं तं तुले दोन शिव्या देल्या असत्या, बाबू... पण दवाखान्यात गेलो असतो."



भाऊंना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या दिवसानंतरही ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मात्र आपल्या माणसाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याला त्याच दिवशी तोंडावर सांगावे, ही माझी सर्वांना विनंती आहे. तो रागावेल... रागावू द्यावे.