खंडेनवमीचा जॅक

गाडीच्या पुढच्या चाकामागची स्प्रिंग काढायची असली की आमचे मिस्त्री एक प्रश्न विचारतात, "बांधली का?" स्प्रिंग उडू नये म्हणून ज्याने तिला साखळी बांधली त्याने ह्याचं उत्तर द्यायचं नाही. दुसऱ्याने वाकायचं, साखळी ओढून बघायची आणि मग म्हणायचं, "बांधली." त्यानंतरच जॅक सोडायचा. बुऱ्हाणपूरला आलो तेव्हा ही रीत मला फार बरी वाटली, कारण मी मुळातच घाबरट. कुलूप लावून निघालो तरी गल्लीच्या तोंडावरून परत येऊन ओढून बघतो. गॅरेजमधला दुसरा कारागीर, माझ्याहून वयाने मोठा, मला "वहमी" म्हणायचा. अजून म्हणतो.

माझं गाव इथून फार लांब, कोकणात खाडीच्या काठाला. शाळा आठवीतच सुटली. पुढे कुठेही कामाला गेलो की पहिला प्रश्न, कितवीपर्यंत शिकलास? इथे कागद कारखान्यात नोकरीला असलेल्या एका दूरच्या नातेवाइकाने मला सिंधीपुऱ्यातल्या ह्या गॅरेजवर आणून सोडलं, तेव्हा मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "जेवला का?" मागच्या बाजूची खोली दिली. पहिल्याच पावसाळ्यात तापाने पडलो तर वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी, सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन यायच्या. कोकणातल्या माणसाला तापात ज्वारीची भाकरी गिळवणार नाही, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. तेव्हापासून माझ्या मनात एकच भीती घर करून होती. ह्या माणसांशी वागताना आपल्याकडून काही कमी-जास्त झालं आणि त्यांनी "जा बाबा आता" म्हटलं, तर?

सांगतोय ती गोष्ट त्यानंतरच्या खंडेनवमीची.

शाहपूरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची जुनी पद्मिनी मोटार आमच्याकडे आली होती. पांढरी, गोल दिव्यांची, त्याच्या वडिलांच्या वेळची. पुढून डाव्या अंगाला बसली होती, खड्ड्यात गेली की खालून ठण्ण आवाज. स्प्रिंग तुटली होती. दसऱ्याला गाडीला हार घालून दारात उभी करायची, एवढीच मालकाची इच्छा. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिकाटण्यांवर, चढवली, चाक काढलं. त्या गाडीत स्प्रिंग दोन लोखंडी हातांच्या मध्ये दाबून बसवलेली असते. खालच्या हाताखाली जॅक लावायचा, त्याचा बोल्ट काढायचा आणि मग जॅक हळूहळू उतरवत स्प्रिंगचा जोर संपवायचा. सांगायला सोपं. पण बोल्ट गंजून असा धरला होता की सकाळभर डिझेल पाजलं, गॅसने तापवलं, घण मारले, तरी हलेना. घण मारताना मध्ये येते म्हणून मिस्त्रींनी साखळी सोडून बाजूला ठेवली.

"बोल्ट तर निघू दे आधी," म्हणाले. "मग बांधू."

बोल्ट निघाला तो नेमका वहिनी पूजेचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा.

"मुहूर्त चालला," त्या म्हणाल्या. "ठेवा ते खाली."

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. पाने, पक्कडी, घण, सगळं धुऊन-पुसून ओळीने मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला आपट्याची पानं वाटून होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आदल्या वर्षी, मी यायच्या आधी, एका कारागिराने गिऱ्हाइकाच्या घाईपायी पूजेतला पाना उचलला होता. मिस्त्री काही बोलले नाहीत. दिवाळीआधी त्याला कामावरून रामराम केला.

त्या गडबडीत सगळं ओळीने मांडलं गेलं. साखळीही. जॅक मात्र गाडीखाली होता, तो काढणार कसा? वहिनींनी वाकून त्याला तिथल्या तिथेच कुंकू लावलं आणि निंबोल्याहून आलेल्या झेंडूचा एक छोटा हार गाडीच्या त्या लोखंडी हाताला अडकवला. सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला. नमस्कार करतानाच माझ्या लक्षात आलं की बोल्ट निघालाय, साखळी नाही, स्प्रिंग पूर्ण दाबलेली आहे आणि तिला धरून आहे तो फक्त जॅक. त्यालाही आता उद्यापर्यंत कोणी हात लावणार नाही.

मला वहमी म्हणणाऱ्या कारागिराला हळूच म्हटलं, "दादा, ते तसंच ठेवायचं?"

"अरे भाऊ, पूजा झाली ना? आता देव धरून ठेवेल."

"जॅकचं तेल गळतं."

"तुझंच तेल गळतं जास्त. चल, बट्टी थंडी होऊन राहिली."

दुपारचं जेवण मिस्त्रींच्या घरी होतं, वरण-बट्टी आणि वर तूप. सगळे हसत-बोलत जेवले. मी बट्टी नुसती कुस्करत बसलो. वहिनींनी विचारलं, "काय रे, आवडलं नाही?" मी म्हटलं, फार छान झालंय. ते खरंच छान झालं होतं, म्हणून अजूनच वाईट वाटलं. जेवून मिस्त्री आडवे झाले. मी तापीकडे निघालो, घाटापर्यंतही गेलो नाही, अर्ध्यातून फिरलो. गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. वाकून आत पाहिलं. हार जमिनीपासून वर लोंबत होता. म्हटलं, ठीक आहे. बाहेर आलो, चहा घेतला, तो गार होईपर्यंत हातात धरून बसलो, पुन्हा गेलो.

ह्या खेपेला हारातलं सगळ्यात खालचं फूल फरशीला टेकलं होतं.

पहिल्यांदा वाटलं, हार ओघळला असेल. जमिनीला गाल लावून नीट पाहिलं. गाठ जिथे होती तिथेच होती. म्हणजे जॅक बसत होता. तो सरळ खाली येता तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण लोखंडी हात जॅकच्या डोक्यावर थोडा तिरपा झाला होता. घसरला की स्प्रिंग एखाद्या तोफेसारखी बाहेर येणार, आणि तिचं तोंड होतं शटरकडे. तिथेच सतरंजी अंथरलेली. संध्याकाळी आरतीला गल्लीतल्या बायका पोरांना घेऊन तिथेच बसणार होत्या.

साखळी माझ्यासमोर होती. हात लांबवला की मिळाली असती. कुंकू लागलेली, वर एक फूल. मी हात पुढे नेला आणि मागे घेतला. आदल्या वर्षीचा तो कारागीर आठवला, मागची खोली आठवली. मग सतरंजी दिसली. मी शटर खाली ओढलं आणि मिस्त्रींच्या घराकडे धावत सुटलो.

त्यांना झोपेतून उठवायची माझी ही पहिलीच वेळ. "मिस्त्री, जॅक बसतोय."

"तुले आजच्या दिवशीबी चैन नाही का रे?" ते डोळे न उघडताच म्हणाले.

"फूल टेकलंय, मिस्त्री."

"कोणतं फूल?"

"हाराचं. सकाळी वर होतं."

डोळे उघडले. त्यांनी चपला घातल्या. मागून वहिनीही आल्या, पदराला हात पुसत. गॅरेजमध्ये मिस्त्री माझ्यासारखेच जमिनीला गाल लावून आडवे झाले आणि बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो. आता उठतील आणि सांगतील, सामान बांध.

ते उठले आणि वहिनींकडे पाहिलं. "पूजा तू केली. तू सांग."

वहिनी गाडीकडे पाहत म्हणाल्या, "मी कुंकू पान्याले लावलं, साखळीले लावलं, जॅकले लावलं. त्या आतल्या वेटोळ्याले लावलं का? नाही ना. मग त्याले कायची सुट्टी? सोडा त्याले." मग म्हणाल्या, "आरतीले उशीर नका करू फक्त."

मिस्त्रींनी साखळीवरचं फूल उचलून कानावर ठेवलं. साखळी कपाळाला लावून माझ्याकडे दिली. "पाया पड आणि बांध."

मी बांधली. स्प्रिंगच्या वेढ्यांतून ओवून वर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन फेरे घेतले. प्रत्येक फेरा दोन-दोनदा ओढून बघत होतो, त्यामुळे साखळी सारखी वाजत होती. तोवर कारागीर आला होता. साखळी वाजताना ऐकून म्हणाला, "काय रे, आरती सुरू झाली का?"

मिस्त्रींनी विचारलं, "बांधली का?"

रीतीप्रमाणे मी गप्प बसलो. कारागीर वाकला. एकदा ओढून पाहिलं. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं. "बांधली."

वहिनींना बाहेर, शटरच्या बाजूला भिंतीआड उभं केलं. मिस्त्रींनी जॅकची चावी अगदी केसभर फिरवली. लोखंडी हात करकरत खाली येऊ लागला आणि मध्येच जॅकवरून निसटला. स्प्रिंगने धाडकन साखळीला धडक दिली. गाडी हलली, छतावरची धूळ आमच्या डोक्यावर पडली. साखळी ताठ उभी राहिली, मग सैल पडली. स्प्रिंग दोन तुकड्यांत खाली लोंबली.

कारागिराने सतरंजीकडे पाहिलं, मग ती उचलून गुपचूप दुसऱ्या भिंतीला अंथरली.

वहिनींनी साखळी, जॅक, सगळं पुन्हा ओळीने मांडलं, ताजं कुंकू लावलं आणि त्या तुटक्या स्प्रिंगचे तुकडेही शेवटाला ठेवले. त्यांनाही एकेक बोट कुंकू. संध्याकाळी गल्ली जमली. आरतीत माझी टाळी काही केल्या तालात येईना. मिस्त्री शेजारीच उभे होते. टाळी न थांबवता कोपराने ढोसून म्हणाले, "हळू. आता सुटली ना ती." मावा जिलेबीचा प्रसाद वाटताना त्यांनी माझ्या हातावर दोन ठेवल्या आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पानं वाटून झाली, नवी स्प्रिंग बसली, गाडी शाहपूरला गेली. मालकाने फोनवर हार घातलेल्या गाडीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून डावीकडचं चाक बघितलं. सरळ होतं.

त्यानंतर कोणीही साखळी बांधली तरी मिस्त्री प्रश्न माझ्याकडे तोंड करून विचारतात. मी वाकतो, ओढतो, पुन्हा ओढतो. "बोल ना रे वहमी, उतरवू का?" कारागीर वैतागतो. मिस्त्री जॅकच्या चावीवर हात ठेवून बसून राहतात. माझं होईपर्यंत.